हो, नाही आणि मोजणारे

फ्रान्समध्ये सार्वमत असते तेव्हा मतदाराला शिक्का मारावा लागत नाही. केंद्रातल्या टेबलावर दोन गठ्ठे ठेवलेले असतात. एकातल्या चिठ्ठ्यांवर ‘हो’ छापलेले, दुसऱ्यातल्या चिठ्ठ्यांवर ‘नाही’. दोन्हींतली एकेक चिठ्ठी उचलायची, रिकामे पाकीट घ्यायचे, पडद्याआड जायचे, हवी ती चिठ्ठी पाकिटात घालायची आणि बाहेर येऊन पाकीट पेटीत टाकायचे. पद्धत सोपी आहे, गुप्तता राखणारीही आहे. मात्र चिठ्ठ्या छापूनच येतात. मतदाराला आपले म्हणणे लिहायची सोय नाही. चिठ्ठीवर काही खरडले तर मत बाद.

फ्रेंच साम्राज्य कसे संपले याची हकीकत आपल्याकडे बहुधा दोन लढायांच्या अंगाने सांगतात. ७ मे १९५४ रोजी दिएन बिएन फूची छावणी व्हिएतनामी जनरल जाप यांच्या फौजेच्या हाती पडली आणि इंडोचायना सुटला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला अल्जीरियात बंड पेटले आणि साडेसात वर्षांच्या रक्तपातानंतर तोही मुलूख गेला. हे खरेच आहे, आणि ज्यांची माणसे गेली त्यांच्या लेखी मुख्य गोष्ट हीच. तरी या साम्राज्याची दुसरी एक खोड मला अधिक विचारात पाडते. जाताना, आणि पुष्कळदा जायचे टाळण्यासाठी, ते लोकांना प्रश्न विचारी. ब्रिटिशांनी भारत सोडताना सिल्हेट आणि वायव्य सरहद्द प्रांत वगळता सामान्य माणसाला काही विचारले नाही. पोर्तुगालच्या सालाझारांना तर असा प्रश्न काढणे हाच द्रोह वाटे. फ्रान्सने मात्र चंद्रनगरला विचारले, गिनीला विचारले, जिबुतीला पुन्हा पुन्हा विचारले, न्यू कॅलेडोनियाला तर आपल्या डोळ्यांदेखत चार वर्षांत तीनदा विचारले. हा लोकशाहीचा आदर म्हणायचा की हुशारी? दोन्ही होते असे मला वाटते, आणि त्यांचे प्रमाण दर वेळी बदलत गेले.

गिनीपासूनच सुरुवात करू, कारण तिथे हिशेब चुकला.

१९५८ च्या उन्हाळ्यात द गॉल सत्तेवर परतले होते. अल्जीरियाच्या युद्धाने चौथे प्रजासत्ताक मोडीत निघाले होते आणि नवे संविधान तयार होत होते. त्या संविधानावर २८ सप्टेंबरला सार्वमत ठरले. फ्रान्सबरोबर आफ्रिकेतल्या आणि इतर समुद्रापारच्या मुलुखांनीही मत द्यायचे होते. ‘हो’ म्हटले तर त्या मुलखाला अंतर्गत कारभार मिळेल, पण तो फ्रान्सच्या छत्राखालच्या ‘समुदाया’त राहील, परराष्ट्र धोरण, संरक्षण, चलन पॅरिसकडे. ‘नाही’ म्हटले तर स्वातंत्र्य, तेही ताबडतोब. कागदावर याहून उदार काही सुचवणे अवघड. पण ‘नाही’ म्हणणाऱ्याची सगळी मदत त्या दिवसापासून बंद होणार, हे चिठ्ठीवर छापलेले नव्हते आणि सगळ्यांना ठाऊक होते.

द गॉल प्रचारासाठी स्वतः आफ्रिकेत फिरले. २५ ऑगस्टला ते कोनाक्रीला पोहोचले. तिथले पुढारी होते सेकू तुरे, वय ३६, टपालखात्यातला कारकून, तिथून कामगार संघटनेत आणि तिथून राजकारणात आलेला माणूस. फ्रेंचांशी वर्षानुवर्षे झुंजलेल्या सामोरी तुरेंचा आपण वंशज आहोत असे ते सांगत. सभागृहात त्यांनी केलेले भाषण आज शाळकरी मुलांनाही पाठ असते: गुलामगिरीतल्या श्रीमंतीपेक्षा आम्हाला स्वातंत्र्यातली गरिबी बरी. पण ते भाषण नीट वाचले तर त्यात संबंध तोडण्याची घोषणा नाही. संसार मांडू, पण घटस्फोटाचा हक्क संविधानात लिहून द्या, असे त्यांचे मागणे होते. म्हणजे तिसरी चिठ्ठी छापा. द गॉल यांनी थंडपणे उत्तर दिले: स्वातंत्र्य हवे तर २८ तारखेला ‘नाही’ म्हणून घ्या, फ्रान्स आडवे येणार नाही, मात्र जे परिणाम होतील ते होतील. दुसऱ्या दिवशी तुरेंना आपल्या विमानातून डाकारला नेण्याचे ठरले होते; तो बेत रद्द झाला. इतिहासात अशा फुटकळ अपमानांना जागा देऊ नये म्हणतात. मला ती द्यावीशी वाटते. विमानातली एक जागा काढून घेणे हा येणाऱ्या सगळ्या वागणुकीचा नमुना होता.

तुरे नायक म्हणून प्रसिद्ध झाले, पण ‘नाही’ त्यांनी एकट्याने घडवले नाही. १९५३ मध्ये गिनीतल्या कामगारांनी नव्या श्रमकायद्याच्या अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांहून अधिक काळ संप केला होता. ४८ तासांचा आठवडा ४० तासांवर आणायचा आणि पगार घटू द्यायचा नाही, हा झगडा होता. तो टिकला कारण बाजारात बसणाऱ्या बायकांनी संपकऱ्यांची चूल विझू दिली नाही. तांदूळ आणि भाजी येत राहिली. पुढे तुरेंच्या पक्षाच्या वस्त्यावस्त्यांतल्या समित्या उभ्या राहिल्या त्या याच बायकांच्या, शिक्षकांच्या, विद्यार्थ्यांच्या आणि कामगारांच्या बळावर. १९५८ च्या सप्टेंबरात हे सगळे आधीच ‘नाही’वर आले होते, पक्षाच्या परिषदेने १४ सप्टेंबरला, मतदानाला दोन आठवडे राहिले असताना, तो निर्णय केला. शंभरातल्या ९५ जणांनी ‘नाही’ची चिठ्ठी पाकिटात घातली. २ ऑक्टोबरला गिनी स्वतंत्र झाला.

आणि फ्रेंच गेले. नुसते गेले नाहीत, उचकटून नेता येईल ते घेऊन गेले. टेलिफोन उपटले, दिव्यांचे बल्ब काढले, कागदपत्रे जाळली, तांदळाचे जहाज दुसरीकडे वळवले, असे सांगतात. यातल्या काही गोष्टी सांगता सांगता फुगल्या असतील. बल्ब किती आणि कोणी मोजले? पण शिक्षक, डॉक्टर, हिशेबनीस यांना आठवड्यांत परत बोलावले गेले आणि मदत तुटली, यात शंका नाही. नोव्हेंबरात घानाच्या एन्क्रुमांनी एक कोटी पौंडांचे कर्ज देऊ केले. १९६० च्या मार्चमध्ये गिनीने स्वतःचे चलन काढले, तर फ्रेंच गुप्तहेर खात्याने खोट्या नोटा छापून त्या देशात सोडल्या. ‘आडवे येणार नाही’ या वचनाचे हे झाले.

पुढचे कडू आहे आणि ते गाळून गिनीचे गुणगान करणारे पुष्कळ लेख मी वाचले आहेत. तुरेंनी २६ वर्षे राज्य केले. कोनाक्रीतल्या बोइरो छावणीत त्यांनी विरोधकांना, संशयितांना आणि कालच्या साथीदारांना कोंडून मारले. दियालो तेल्ली हे आफ्रिकी ऐक्य संघटनेचे पहिले सरचिटणीस. १९७७ मध्ये त्याच छावणीत त्यांना अन्नपाणी तोडून मारण्यात आले. ज्या देशाने जगाला ‘नाही’ म्हणून दाखवले तिथे पुढचे पाव शतक मतपेटीतून एकमुखी ‘हो’ निघत राहिले. फ्रान्सने कोंडी केली म्हणून तुरे असे झाले, हा युक्तिवाद मला पटत नाही. कोंडीने संशय वाढला असेल, पण छावणी तुरेंची होती.

१९५८ च्या त्या मतदानात इतरत्र काय झाले ते पाहिले की गिनीचे उत्तर किती अनपेक्षित होते हे कळते. नायजरमध्ये सरकारचे प्रमुख जिबो बकारी यांनी ‘नाही’चा प्रचार केला. प्रशासनाने गव्हर्नरपासून गावच्या मुखियांपर्यंत सगळी यंत्रणा त्यांच्याविरुद्ध लावली. ‘हो’ जिंकले, बकारींची सत्ता गेली, वर्षभरात त्यांच्या पक्षावर बंदी आली. तिकडे पॅसिफिकमधल्या पॉलिनेशियात पुव्हाना आ ओपा यांनी ‘नाही’ मागितले आणि हरले. पंधरवड्यात त्यांना अटक झाली, ताहितीची राजधानी जाळण्याच्या कटाचा आरोप ठेवून शिक्षा आणि हद्दपारी. ती शिक्षा फ्रान्सच्याच न्यायालयाने रद्द केली, २०१८ मध्ये. पुव्हाना तोवर मरून चार दशके उलटली होती. मधल्या काळात पॉलिनेशियाच्या प्रवाळबेटांवर फ्रान्सने १९६६ ते १९९६ अशी तीस वर्षे अणुचाचण्या केल्या. १९५८ चे ‘हो’ कशाला उपयोगी पडले, याचे उत्तर तिथे मिळते.

सेनेगलच्या सेंघोर यांची तऱ्हा आणखी निराळी. कवी, फ्रेंच व्याकरणाची सर्वोच्च शिक्षक-परीक्षा उत्तीर्ण झालेले. १९४६ च्या फ्रेंच संविधानाच्या मसुद्याची भाषा तपासायला ज्यांना बसवले होते ते हेच. द गॉल डाकारला आले त्या दिवशी सेंघोर नॉर्मंडीत सुट्टीवर होते. चौकात स्वातंत्र्याचे फलक घेऊन तरुण उभे होते. इतके हवे असेल तर २८ सप्टेंबरला घ्या, असे द गॉल त्यांना वैतागून म्हणाले. सेनेगलने प्रचंड बहुमताने ‘हो’ दिले. आणि गंमत अशी की दोन वर्षांत तोही स्वतंत्र झाला. जून १९६० मध्ये संविधानात दुरुस्ती करून ‘समुदाया’त राहूनही स्वतंत्र होता येईल अशी वाट काढली गेली, आणि त्या एका वर्षात कॅमेरूनपासून मॉरिटानियापर्यंत चौदा देश मोकळे झाले, त्यातले आठ तर एकट्या ऑगस्टमध्ये. यातल्या ‘हो’वाल्यांना या खेपेस कोणी काही विचारले नाही. मग १९५८ च्या त्या सगळ्या चिठ्ठ्यांनी ठरवले काय? माझ्या मते एकच गोष्ट ठरवली: कोण रागावून गेला आणि कोण गोडीने. पुढच्या अर्धशतकात पॅरिसने कोणाशी कसे वागायचे ते त्यावर ठरले.

गोडीने गेलेल्यांच्या खिशात फ्रान्सचेच पैसे राहिले. सीएफए फ्रँक हे चलन डिसेंबर १९४५ मध्ये काढले होते. तेव्हा त्या नावातला ‘सी’ वसाहतींचा होता, पुढे नाव बदलून आद्याक्षरे तीच ठेवली. नोटा फ्रान्समधल्या शामालिएर गावी छापल्या जात, दर फ्रेंच फ्रँकला बांधलेला, आणि बदल्यात परकीय चलनाच्या गंगाजळीचा मोठा हिस्सा पॅरिसच्या तिजोरीत ठेवायचा. याचा फायदाही होता, हे नाकारू नये. शेजारच्या देशांत नोटांची रद्दी होत असताना या नोटांना किंमत होती. पण जानेवारी १९९४ मध्ये एका रात्रीत ती किंमत निम्मी झाली. औषधे आणि आयात तांदूळ विकत घेणाऱ्या बाईला तोवर आपण कोणत्या दोरीला बांधलेलो आहोत हे कळलेही नसेल. चलनाविषयीची चिठ्ठी कधी छापलीच गेली नाही.

या प्रश्न विचारण्याच्या सवयीचे मूळ शोधत गेले तर आपण फ्रेंच राज्यक्रांतीत जाऊन पोहोचतो. अव्हिन्यों आणि त्याच्या भोवतीचा मुलूख पोपच्या मालकीचा होता. १७९१ मध्ये तिथल्या गावागावांत सभा भरवून फ्रान्समध्ये यायचे का, हे विचारले गेले. जमीन राजाची किंवा पोपची नसते, तिच्यावर राहणाऱ्यांची असते, ही कल्पना तोवर तत्त्वज्ञांच्या पुस्तकांत होती. ती आता गावसभेत उतरली. युरोपच्या इतिहासातला हा मोठा क्षण आहे आणि त्याचे श्रेय फ्रान्सला द्यायलाच हवे. १८६० मध्ये नीस आणि सव्हॉय असेच मतदानाने घेतले. १९४६ च्या संविधानाच्या २७ व्या कलमात तर लिहूनच ठेवले होते की संबंधित लोकांच्या संमतीवाचून मुलखाची देवघेव वैध नाही. सेंघोर यांनी जिची भाषा तपासली ती हीच संहिता.

पण या कुळात दुसराही एक पूर्वज आहे. १८०० मध्ये बोनापार्तने आपले संविधान लोकांपुढे ठेवले. निकाल जाहीर झाला: ३० लाखांहून अधिक ‘हो’, १,५६२ ‘नाही’. क्लोद लांग्ल्वा या इतिहासकाराने १९७० च्या दशकात जुनी दप्तरे उघडून मोजणी केली तेव्हा खरे ‘हो’ साधारण पंधरा लाखच निघाले. उरलेले गृहमंत्री ल्यूसियन बोनापार्त, म्हणजे धाकट्या भावाच्या कचेरीत जन्मले होते. दोन वर्षांनी, १० मे १८०२ रोजी, बोनापार्तला तहहयात कॉन्सल करावे का हा प्रश्न जनतेला विचारायचे ठरले. त्यानंतर बरोब्बर दहा दिवसांनी, २० मे रोजी, वसाहतींतली गुलामगिरी कायम ठेवणारा कायदा झाला. आठ वर्षांपूर्वी क्रांतीने जी बंद केली होती तीच. या दुसऱ्या बाबतीत कोणाला, आणि विशेषतः ज्यांच्या गळ्यात साखळी पडणार होती त्यांना, विचारावे असे कोणाच्या मनातही आले नाही. एकाच महिन्यातले हे दोन कागद शेजारी ठेवून पाहावेत. फ्रेंच सार्वमताची थोरवी आणि तिची हद्द, दोन्ही त्यांत आहेत.

ज्यांना विचारले नाही त्यांनी आपले उत्तर दिलेच. सां-दोमँग या फ्रेंच वसाहतीच्या ऊसमळ्यांतल्या माणसांनी १८०३ च्या नोव्हेंबरात व्हेर्तिएरच्या लढाईत फ्रेंच सैन्य हरवले आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती हे राष्ट्र उभे केले. त्यांचे पुढारी तूसँ लुव्हेर्त्यूर तोवर ज्युरा पर्वतातल्या एका किल्ल्यात थंडीने आणि आजाराने संपले होते. एकवीस वर्षांनी फ्रान्सच्या राजा शार्ल दहाव्याने युद्धनौकांचा ताफा पाठवून हैतीचे स्वातंत्र्य मान्य करायची तयारी दाखवली. किंमत १५ कोटी फ्रँक, मळेवाल्यांच्या नुकसानीची भरपाई म्हणून. त्या नुकसानीत माणसेही धरलेली होती. अध्यक्ष बोयेर यांनी सही केली. पहिला हप्ता भरायला फ्रेंच सावकारांकडूनच कर्ज काढावे लागले. रक्कम पुढे नऊ कोटींवर आणली, तरी त्या कर्जाची शेपटी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वळवळत राहिली. बंदरात तोफा रोखून विचारलेला प्रश्नही प्रश्नच असतो म्हणा.

अल्जीरियात प्रश्नापेक्षा मोजणीची तऱ्हा बघण्यासारखी आहे. १८४८ पासून तो मुलूख फ्रान्सचे जिल्हे म्हणून गणला जाई, म्हणजे तिथे वसाहतच नव्हती, फ्रान्सच होता. फक्त तिथले बहुसंख्य लोक फ्रेंच नागरिक नव्हते. १९४७ च्या कायद्याने १२० जणांची विधानसभा दिली: साठ जागा मुख्यतः युरोपीय मतदारांच्या आणि साठ ऐंशी लाखांच्या आसपास असलेल्या मुसलमानांच्या. एका बाजूचे एक मत दुसऱ्या बाजूच्या सात-आठ मतांच्या भारी. एवढे करूनही धास्ती राहिली, म्हणून १९४८ च्या निवडणुकीत गव्हर्नर नेजलेन यांच्या प्रशासनाने पेट्याच भरून घेतल्या. नेजलेन त्याआधी फ्रान्सचे शिक्षणमंत्री होते. त्यांच्या नावाची निवडणूक ही तिथे लबाडीची म्हण झाली. सहा वर्षांनी ज्यांनी बंदुका उचलल्या त्यांतले कितीतरी जण आधी या पेट्यांपाशी रांगेत उभे राहिलेले होते. मत देऊन पाहिले, ते मोजले गेले नाही, मग डोंगरात गेले, इतका हा सरळ प्रवास आहे.

शेवटी १ जुलै १९६२ रोजी अल्जीरियाला खरोखर विचारले गेले. ५९,७५,५८१ ‘हो’ आणि १६,५३४ ‘नाही’. आकडे प्रचंड आहेत, पण तोवर ठरायचे बाकी काय होते? युद्ध थांबवणारा एव्हियानचा करार मार्चमध्ये झाला होता, एप्रिलमध्ये फ्रान्समधल्या मतदारांनी त्यावर पसंती दिली होती, आणि त्या एप्रिलच्या मतदानात अल्जीरियातल्या युरोपीयांना, ज्यांचे घरदार पणाला लागले होते, मत नव्हते. शंभर वर्षे ज्यांचे मत जड होते त्यांचे मत ऐन वेळी शून्य झाले. त्यांच्याविषयी मला फार कणव नाही. पण बोटींच्या धक्क्यावर दोन पेट्या घेऊन उभ्या राहिलेल्या त्या लाखो माणसांत साधे टपालवाले, सुतार, शिक्षिकाही होत्या, आणि मोजणारा कोणाचाच कायमचा सगा नसतो हे त्यांना तिथे कळले असेल.

आता आपल्या दाराशी येऊ. भारतात फ्रेंचांच्या पाच जागा होत्या: पुदुच्चेरी, कारैकल, माहे, यानम आणि बंगालातले चंद्रनगर. १९४८ मध्ये दोन्ही सरकारांत सार्वमताचे ठरले. चंद्रनगरने १९ जून १९४९ रोजी मत दिले: ७,४७३ भारताकडे, ११४ फ्रान्सकडे. दक्षिणेत मात्र घोडे अडले. पुदुच्चेरीच्या नगरपालिकांवर एदुआर गुबेर यांच्या पक्षाची पकड होती, तो पक्ष फ्रान्सच्या बाजूचा, आणि तिथल्या निवडणुकांत दांडगाई चालते ही भारताची तक्रार होती, खोटीही नव्हती. अशा हवेत सार्वमत नको, सरळ हस्तांतर करा, असे दिल्लीने १९५२ मध्ये कळवून टाकले. नेहरूंच्या सरकारने सार्वमत नाकारले हे आपल्याकडे फारसे सांगत नाहीत.

मग १९५४ च्या मार्चमध्ये गुबेर फिरले. फ्रेंच प्रशासनाशी बिनसल्यावर त्यांनी विलीनीकरणाचा झेंडा हाती घेतला आणि त्यांच्याबरोबर नगरपालिकाही फिरल्या. उन्हाळ्यात यानम आणि माहे स्थानिक चळवळींनी मोकळे केले. पॅरिसमध्ये मांदेस-फ्रान्स पंतप्रधान झाले होते, इंडोचायनाचा निकाल जिनिव्हात लावून आले होते, आणि चार पिटुकल्या ठाण्यांसाठी भांडायला त्यांना वेळ नव्हता. पण २७ वे कलम होतेच. संमती दाखवायला हवी. तेव्हा १८ ऑक्टोबर १९५४ रोजी किळूर नावाच्या खेड्यात पुदुच्चेरी आणि कारैकलचे १७८ लोकप्रतिनिधी जमले. १७० विलीनीकरणाच्या बाजूने, ८ विरुद्ध. ज्या पेट्यांवर आपला भरवसा नव्हता त्याच पेट्यांतून निवडून आलेल्यांचे मत आपण आनंदाने मान्य केले. ते योग्यच झाले. लोकांचा कल खराच तसा होता. पण १ नोव्हेंबरच्या मुक्तिदिनाची भाषणे ऐकताना किळूरच्या सभेचा हा नाजूक पाया आठवतो.

कायद्याने ताबा यायला आणखी आठ वर्षे गेली. विलीनीकरणाचा करार १९५६ मध्ये झाला, पण अल्जीरियाचे युद्ध चालू असताना मुलूख सोडण्याच्या कागदाला मंजुरी द्यायची फ्रेंच संसदेची हिंमत नव्हती. १९६२ च्या जुलैत अल्जीरिया सुटला आणि १६ ऑगस्टला पुदुच्चेरीचा करार अमलात आला. त्या दिवसापासून सहा महिने एक अनोखे सार्वमत चालले, ज्यात मुलखाला काही विचारले नव्हते, माणसाला विचारले होते. पुदुच्चेरीत जन्मलेला आणि तिथे राहणारा माणूस भारतीय होणार. मात्र त्याने लेखी कळवले तर तो फ्रेंच राहू शकेल. काही हजारांनी तसे कळवले. त्यांत फ्रेंच सैन्यातून निवृत्त झालेले, निवृत्तिवेतनावर घर चालणारे बरेच होते. घराघरांत फूट पडली, एक भाऊ भारतीय तर दुसरा फ्रेंच. आजही फ्रान्सच्या अध्यक्षपदाची निवडणूक असली की पुदुच्चेरीत मतदान केंद्र लागते आणि तमिळ बोलणाऱ्या आजीबाई पॅरिसचा कारभारी निवडायला येतात. सगळ्या फ्रेंच सार्वमतांत मला हेच सर्वांत प्रामाणिक वाटते: मुदत पुरेशी होती, उत्तर ज्याचे त्याचे होते आणि बेरीज करायची नव्हती.

मराठी माणसाला यात हसण्यासारखे फार काही नाही, कारण आपणही एकदा अशा चिठ्ठीपुढे उभे होतो. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला: फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन, दोन पाने म्हणजे केंद्रशासित. दोन पानांना १,७२,१९१ मते, फुलाला १,३८,१७०. कौल निर्मळ व्हावा म्हणून मुख्यमंत्री बांदोडकरांनी आधी राजीनामा दिला, आणि निकाल स्वतःच्या मनाविरुद्ध गेल्यावर तो स्वीकारला. नेजलेनसाहेबांच्या तुलनेत हे फार मोठे आहे. पण मुंबईत राहणाऱ्या हजारो गोवेकरांना मत नव्हते. आणि गोवा हे स्वतंत्र राज्य व्हावे, हा तिसरा पर्याय छापलेलाच नव्हता, जो पुढे १९८७ मध्ये प्रत्यक्षात आला. विलीनीकरणवाद्यांची हळहळ आजही आपल्या जुन्या अंकांतून वाचायला मिळते. तिच्यात हा मुद्दा क्वचितच येतो.

मोजायचे कसे, यावर देशही फुटतो. कोमोरोसच्या चार बेटांना २२ डिसेंबर १९७४ रोजी विचारले. एकूण ९५ टक्के लोक स्वातंत्र्याच्या बाजूचे, पण मायोत बेटावर जवळपास दोन तृतीयांश विरुद्ध. फ्रान्सच्या संसदेने मग ठरवले की बेटवार मोजायचे. कोमोरोसने १९७५ च्या जुलैत एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले, जे प्रत्यक्षात तीन बेटांपुरते राहिले. संयुक्त राष्ट्रांनी मायोत कोमोरोसचाच असे वारंवार ठरवले; मायोतच्या लोकांनी वारंवार फ्रान्सलाच मत दिले, आणि २०११ मध्ये तो फ्रान्सचा जिल्हा झाला. आता शेजारच्या बेटांवरची माणसे त्याच समुद्रातून लहान मचव्यांतून, कायद्याच्या भाषेत घुसखोर म्हणून, मायोतला येतात आणि कितीतरी बुडतात. मायोतच्या मतदारांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. पण त्या एका ‘बेटवार’ने शेजाऱ्याचा घुसखोर झाला. जिबुतीत उलटे घडले: १९५८ आणि १९६७ मध्ये निकाल फ्रान्सच्या बाजूने, दुसऱ्या खेपेआधी हजारो सोमाली लोकांना सीमेपार घालवलेले, आणि १९७७ मध्ये ९९ टक्क्यांहून अधिक स्वातंत्र्याच्या बाजूने. दहा वर्षांत माणसांची मने इतकी बदलत नाहीत. मतदारयादी बदलते, विचारणाऱ्याचा इरादा बदलतो.

न्यू कॅलेडोनियात हा खेळ अजून चालू आहे. पॅसिफिकमधला हा निकेलने भरलेला मुलूख. मूळचे कनाक आणि नंतर आलेले युरोपीय व इतर. १९८८ च्या उवेआ बेटावरच्या रक्तपातानंतर समेट झाला, आणि १९९८ च्या नूमेआ कराराने फार दुर्मीळ गोष्ट मान्य केली: स्वातंत्र्याच्या प्रश्नावर कोण मत देणार, याची यादी गोठवायची. काल आलेल्याने उद्याचा देश ठरवू नये. त्या यादीवर २०१८ मध्ये स्वातंत्र्याविरुद्धच्या ‘नाही’ला ५६.७ टक्के मिळाले, २०२० मध्ये ५३.३. अंतर घटत होते. तिसरे मतदान डिसेंबर २०२१ मध्ये आले. कोरोनाच्या लाटेत अनेक कनाक घरांत सुतक होते, त्यांच्या रीतीप्रमाणे ते दीर्घ काळ पाळायचे असते, म्हणून मतदान पुढे ढकला अशी त्यांच्या पुढाऱ्यांची विनंती होती. पॅरिसने ऐकले नाही. कनाकांनी बहिष्कार टाकला आणि ९६ टक्क्यांहून अधिक ‘नाही’ निघाले. फ्रान्सच्या सरकारने विषय संपला असे मानले.

मे २०२४ मध्ये संसदेत प्रांतिक निवडणुकांची गोठवलेली यादी सैल करण्याचा प्रस्ताव पुढे सरकला: दहा वर्षे राहिलेल्यालाही मत. आकड्यांच्या दृष्टीने मागणी रास्त दिसते, आणि तिथे दोन दशके राहून मत नसलेल्या परिचारिकेचे म्हणणेही ऐकायला हवे. पण नूमेआत आगी लागल्या, माणसे मेली, आणीबाणी पुकारावी लागली, आणि प्रस्ताव थांबवावा लागला. यादीचा वाद अजून तसाच आहे, आणि वाटाघाटीला बसणाऱ्यांच्या टेबलावर दर खेपेस तोच कागद पहिल्यांदा येतो.